बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी: रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा?

स्पंदन

'एनटी-प्रोबीएनपी १,४५० पिकोग्रॅम/मिली. नॉर्मल: १२५ पेक्षा कमी.' शेजारी वर जाणारा बाण. हृदयाच्या भिंतीवरचा ताण सांगणाऱ्या रक्ततपासणीचा असा रिपोर्ट हातात पडला की घरच्यांना वाटतं, हृदय दहापट बिघडलं. तसा त्याचा अर्थ होत नाही, पण तो आकडा सोडून देण्यासारखाही नसतो. छापलेली एकच मर्यादा तिशीतल्या बाईला, ऐंशीच्या आजोबांना, डायलिसिसवरच्या पेशंटला आणि शंभर किलो वजनाच्या माणसाला सारखीच लावली जाते, आणि घोळ तिथेच होतो. त्यासाठी हा धागा.

आधी थोडं मुळाशी जाऊ. हृदय पंप आहे हे आपण शाळेत शिकतो, ते ग्रंथीही आहे हे मात्र शिकायचं राहून जातं. १९५६ साली किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदांतल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या, स्नायूपेशींमध्ये गडद कण दिसले. संप्रेरकं साठवणाऱ्या ग्रंथींमध्ये दिसतात तसे. त्याच वर्षी हेन्री, गाउअर आणि रीव्ह्ज यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला की लघवी वाढते, हे दाखवलं. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला पंचवीस वर्षं गेली. १९८१ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथे आडोल्फो द बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतलं सोडियम तीसपटीहून अधिक वाढलं, लघवी दहापट झाली. निलयांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या, अर्काने काहीच झालं नाही. तो पदार्थ म्हणजे एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड), अलिंदांतून येणारं, लघवीतलं सोडियम वाढवणारं संप्रेरक.

१९८८ मध्ये जपानमधल्या सुदो, कांगावा, मिनामिनो, मात्सुओ यांना तसाच एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला आणि त्याच्या बीएनपी या नावात 'ब्रेन'चा बी बसला. पुढे कळलं की माणसात तो मुख्यतः हृदयाच्या निलयांतून येतो. नाव मात्र बदललं नाही. त्यामुळे 'मेंदूची टेस्ट का सांगितली?' असं कुणी विचारलं तर गोंधळ नावातला आहे, डॉक्टरांचा नाही.

आता ज्यावर सगळा अर्थ अवलंबून आहे तो भाग. निलयाची भिंत ताणली गेली की पेशीतलं जनुक जागं होतं आणि १३४ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. सुरुवातीचे २६ दुवे गळले की उरतो १०८ दुव्यांचा प्रोबीएनपी. त्याचे पुन्हा दोन तुकडे होतात: ३२ दुव्यांचा बीएनपी, जो काम करतो (रक्तवाहिन्या सैलावतो, मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावतो, मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या रेनिन-अल्डोस्टेरॉन यंत्रणेला आवर घालतो), आणि ७६ दुव्यांचा एनटी-प्रोबीएनपी, ज्याला स्वतःचं काम नाही. बीएनपी रक्तात साधारण २० मिनिटांत निम्मा होतो, एनटी-प्रोबीएनपीला एक ते दोन तास लागतात. तयार होताना दोन्ही सारखेच, पण रक्तात दुसरा साचून राहतो, म्हणून त्याचे आकडे कितीतरी मोठे दिसतात.

म्हणून पहिला नियम: रिपोर्टवर नाव कोणतं आहे ते आधी बघा. बीएनपी ४०० आणि एनटी-प्रोबीएनपी ४०० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकावरून दुसरा काढायचं भरवशाचं गणित नाही.

---

पॅथ_कट्टा

चांगला धागा. नमुन्याबद्दल लिहितो, कारण चुकीच्या आकड्यांची सुरुवात बऱ्याचदा सुईपासूनच होते.

बीएनपीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, आणि तीही प्लास्टिकची. काचेच्या पृष्ठभागावर रक्तातली कॅलिक्रेइनसारखी विकरं (एन्झाइम) सक्रिय होतात आणि बीएनपी ट्यूबमध्येच तुटायला लागतो. त्याच कारणाने लाल झाकणाची साधी ट्यूब चालत नाही. रक्त घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, हलवून फेस करायचा नाही. खोलीच्या तापमानाला ठेवायचं असेल तर चार तासांच्या आत मशीनवर लागलं पाहिजे. जमणार नसेल तर फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा, आणि एकदा वितळला की पुन्हा गोठवायचा नाही.

एनटी-प्रोबीएनपी या बाबतीत सोशीक आहे. सिरम, हेपॅरिन, ईडीटीए तिन्ही बहुतेक किटना चालतात, आणि वेगळा केलेला सिरम खोलीच्या तापमानालाही दोन-तीन दिवस टिकतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून नमुना रात्रीच्या गाडीने शहरातल्या मोठ्या लॅबला जाणार असेल, तर बीएनपी न मागता एनटी-प्रोबीएनपी मागवणंच शहाणपणाचं. मे महिन्यात सहा तास डब्यात फिरलेल्या नमुन्याचा बीएनपी ७० आला, तर 'हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग अपुरं पडणं) नाही' असं त्यावरून म्हणता येणार नाही. तो खोटा कमी असू शकतो.

उपाशीपोटी यायची गरज नाही. मात्र जोरदार व्यायामानंतर आकडा काही काळ वाढतो, म्हणून धावून आल्या आल्या रक्त देऊ नये. डायलिसिस चालू असेल तर नमुना नेहमी डायलिसिसच्या आधी घ्यावा आणि तुलना आधीच्या तशाच नमुन्याशी करावी. काही फिल्टरमधून ही द्रव्यं निघून जातात आणि आकडा फसवा कमी दिसतो.

---

निशिगंध

एक विचारते. ७८ वर्षांच्या बाई, वजन ४६ किलो, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांची अनियमित थरथर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.८, एनटी-प्रोबीएनपी १,४५०. दम नेहमीइतकाच, पायांना सूज नाही. ओपीडीत हे कसं वाचायचं?

---

स्पंदन

@निशिगंध, उदाहरण अगदी नेमकं घेतलंत. इथे आकडा वर नेणाऱ्या चार गोष्टी आधीच हजर आहेत: वय, बारीक अंगयष्टी, अनियमित ठोके आणि मूत्रपिंड. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदं ताणलेली असतात, त्यामुळे हार्ट फेल्युअर नसतानाही पातळी वाढते. म्हणून युरोपीय मार्गदर्शनात निलयाचं आकुंचन चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरसाठी नियमित ठोके असतील तर १२५ आणि फिब्रिलेशन असेल तर ३६५ अशा वेगळ्या खुणा धरल्या आहेत.

या बाईंच्या बाबतीत १,४५० एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा (फिब्रिलेशन आहे म्हणजे तसाही हवाच) आणि हा आकडा त्यांची 'कोरडी' (अंगात जास्तीचं पाणी नसतानाची) पातळी म्हणून फाइलमध्ये तारीख घालून लिहून ठेवावा. पुढे कधी दम वाढला आणि आकडा ४,००० आला, तर त्या नोंदीला खरा अर्थ येईल. सुस्थितीत असतानाचा आकडा माहीत नसणं ही पुढच्या ॲडमिशनच्या वेळी सगळ्यात मोठी अडचण ठरते.

प्रसंगाप्रमाणे मर्यादा अशा:

अचानक दम लागून इमर्जन्सीत आलेला पेशंट: बीएनपी १०० च्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल तर तीव्र हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी, दुसरं कारण शोधा. होकारासाठी एनटी-प्रोबीएनपीच्या वयानुसार खुणा आहेत: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, पंचाहत्तरीच्या पुढे १,८००. बीएनपीसाठी ४०० च्या वर शक्यता दाट, १०० ते ४०० हा संशयाचा पट्टा.

ओपीडीत हळूहळू दम वाढत असलेला पेशंट: बीएनपी ३५, एनटी-प्रोबीएनपी १२५. रिपोर्टवर छापतात तो १२५ हाच. तो नाही म्हणण्यासाठी आहे. त्याच्या वर गेलं म्हणजे 'इको करा', इतकंच. 'हार्ट फेल्युअर आहे' असा त्याचा अर्थ नाही. एवढं एक वाक्य रिपोर्टच्या तळाला छापलं तरी बरीच घरं एका रात्रीच्या काळजीतून सुटतील.

---

दूरदेशी_लेस्टर

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी भर: इथे एककं नॅनोग्रॅम/लिटर लिहितात, म्हणजे पिकोग्रॅम/मिली इतकाच आकडा, गुणाकार नको. रिपोर्ट पिकोमोल/लिटरमध्ये असेल तर एनटी-प्रोबीएनपीला साधारण ८.४६ ने आणि बीएनपीला ३.४६ ने गुणलं की भारतातल्या रिपोर्टशी ताडून बघता येतं. आई-वडिलांचे दोन देशांतले रिपोर्ट शेजारी ठेवताना हे हमखास चुकतं.

आणि उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात फॅमिली डॉक्टरसाठी खुणा वेगळ्या आहेत: एनटी-प्रोबीएनपी ४०० च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी, ४०० ते २,००० असेल तर सहा आठवड्यांत तज्ज्ञ आणि इको, २,००० च्या वर दोन आठवड्यांत. तेव्हा युरोपात १२५ आणि इथे ४०० हा विरोधाभास नाही. इकोच्या रांगेत किती जणांना उभं करायचं, याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलंय.

---

पॅथ_कट्टा

या टेस्टचं खरं बळ नकार देण्यात आहे, हे स्पंदन यांचं म्हणणं आकड्यांत: २००२ च्या 'ब्रीदिंग नॉट प्रॉपर्ली' अभ्यासात दम लागून आलेले १,५८६ पेशंट होते. बीएनपी १०० या खुणेवर संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता ७६ टक्के. म्हणजे हार्ट फेल्युअर असलेल्या शंभरातले नव्वद सापडतात, पण नसलेल्या शंभरातल्या चोवीस जणांचाही आकडा वर येतो.

हे चोवीस कोण? फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेले, जुन्या दम्याने किंवा सीओपीडीने (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराने) उजवं निलय ताणलेले, सेप्सिसचे (अंगभर भिनलेल्या संसर्गाचे), मूत्रपिंड थकलेले, तीव्र ॲनिमियाचे, नुकता हार्ट अटॅक आलेले. आपल्याकडे टीबीने खराब झालेली फुप्फुसंही या यादीत येतात, कारण फुप्फुसातला दाब वाढला की उजव्या बाजूची भिंत ताणते. संप्रेरक ताण सांगतं, ताणाचं कारण सांगत नाही.

---

हिमरू

उलट बाजूवरही लिहा ना. आकडा कमी, पण पेशंट पाण्याने भरलेला, असं कधी होतं?

---

स्पंदन

@हिमरू, ही बाजू जास्त धोक्याची, कारण खोटा दिलासा पेशंटला घरी पाठवतो.

१) लठ्ठपणा. वजन वाढलं की दोन्ही आकडे खाली येतात, कधी निम्म्यापर्यंत. बीएमआय ३५ च्या वर असेल तर बीएनपीची खूण १०० न धरता ५० च्या आसपास धरावी असं सुचवलं जातं. शंभर किलोच्या माणसाचा बीएनपी ८० म्हणजे 'नॉर्मल' नव्हे.

२) वेळ. एएनपी अलिंदांत कणांच्या रूपात साठवलेला असतो. बीएनपी मात्र बव्हंशी गरज पडल्यावर, जनुक जागं झाल्यावर तयार होतो. रक्तदाब एकदम भडकून तासाभरात फुप्फुसात पाणी भरलं आणि लगेच रक्त घेतलं, तर आकडा अजून चढलेलाच नसतो. अशा वेळी छातीतली खरखर, ऑक्सिजन आणि एक्स-रे यांवर उपचार सुरू करायचे, रिपोर्टची वाट बघायची नाही. चार-सहा तासांनी पुन्हा तपासावं.

३) अडथळा निलयाच्या अलीकडे. ऱ्हुमॅटिक तापानंतर मायट्रल झडप अरुंद झालेली असते तेव्हा डाव्या अलिंदात आणि फुप्फुसात दाब तुंबतो, पण डावं निलय ताणलं जात नाही. दम खूप आणि आकडा त्यामानाने कमी, असं तरुण बायकांमध्ये दिसू शकतं, विशेषतः गरोदरपणात. निरोगी गरोदरपणात या पातळ्या फारशा चढत नाहीत, त्यामुळे गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा आकडा स्पष्ट वाढलेला असेल तर 'दिवस भरलेत म्हणून दम लागतो' असं म्हणून सोडू नये. आणि कमी असेल तरी स्टेथोस्कोप झडपेवर ठेवल्याशिवाय सोडू नये.

४) हृदयाभोवतीचं आवरण घट्ट झालेलं. टीबीनंतर हे आपल्याकडे होतं. आवरण ताणूच देत नाही, म्हणून पोट आणि पाय सुजलेले असूनही आकडा माफकच राहतो.

५) आकुंचन चांगलं, पण भिंत जाड आणि कडक. भिंतीवरचा ताण दाब आणि पोकळीच्या त्रिज्येबरोबर वाढतो, जाडीबरोबर घटतो. पोकळी लहान आणि भिंत जाड असेल तर दाब तेवढाच असूनही ताण कमी पडतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वजन तिन्ही असलेल्या बायकांमध्ये हे नेहमीचं. फक्त १२५ च्या आत आहे म्हणून निदान सोडून देऊ नये.

---

औषधवेल

औषधांच्या बाजूने एक मोठा सापळा. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (हार्ट फेल्युअरचं औषध, आपल्याकडे ५०, १००, २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात) नेप्रिलायसिन या विकराला रोखतं. बीएनपी तोडणाऱ्यांपैकी हे एक. म्हणजे गोळी लागू पडते आणि बीएनपी वाढतो. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिनकडून तुटत नाही, त्यामुळे तो खरी सुधारणा दाखवत खाली येतो. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ अभ्यासात हे दोन्ही स्पष्ट दिसलं. ही गोळी चालू असेल तर पाठपुरावा एनटी-प्रोबीएनपीनेच करावा. बीएनपी वाढला म्हणून गोळी बंद करणं ही सरळ चूक आहे.

विषय निघालाच आहे तर: एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर ती बंद करून ३६ तास गेल्याशिवाय सॅक्युबिट्रिल सुरू करायचं नाही. जीभ-घसा सुजून श्वास अडण्याचा धोका असतो. घरात जुनी पट्टी उरलेली असते आणि दोन्ही एकत्र घेतल्या जातात. जुनी पट्टी परत मागून घ्या.

दुसरं, बायोटिन. केस-नखांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. काही किटमध्ये पकड स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनची असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की ती पकड बसत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नवी किट बरीच सुधारली आहेत, तरी शेवटच्या गोळीनंतर किमान आठ तास, आणि डोस फार मोठा असेल तर दोन-तीन दिवस थांबून रक्त द्यावं. फॉर्मवर 'चालू औषधं' या रकान्यात पेशंट बायोटिन लिहीत नाहीत, कारण ते त्याला औषध समजत नाहीत. थेट विचारावं लागतं.

---

हिमरू

मग उपचार बरोबर चाललेत का हे बघायला दर महिन्याला तपासावा का? बऱ्याच फाइल्समध्ये असे आकडे ओळीने लावलेले असतात.

---

पॅथ_कट्टा

माझं मत: नको. गाइड-इट (२०१७) या अभ्यासात ८९४ पेशंट होते. एका गटात एनटी-प्रोबीएनपी १,००० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवून औषधं वाढवली, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे. मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिशन दोन्हीकडे ३७ टक्के. आकड्यामागे धावून काही हाती लागलं नाही. शिवाय तब्येत स्थिर असतानाही एनटी-प्रोबीएनपी वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतो, बीएनपी त्याहून जास्त. ९०० चा १,०५० झाला म्हणून लघवीची गोळी वाढवली, तर उगाच क्रिएटिनिन चढेल. बदल ३० टक्क्यांच्या पुढे गेला तरच दखल घ्यावी, आणि तीही वजन, सूज, दम यांच्या जोडीने.

---

स्पंदन

@पॅथ_कट्टा, दर महिन्याला नको, हे मान्य. पण पूर्ण 'नको'शी सहमत नाही. गाइड-इटमध्ये दोन्ही गटांना मुळात चांगले, वारंवार बघितले जाणारे उपचार मिळत होते. डिस्चार्जच्या आसपासचे आठवडे वेगळे असतात. स्ट्राँग-एचएफ (२०२२) मध्ये १,०७८ पेशंट होते. औषधं दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेली, १, २, ३ आणि ६ व्या आठवड्यात तपासणी केली. तिथे एनटी-प्रोबीएनपी सुरक्षेची खूण म्हणून वापरला: डिस्चार्जच्या आधीच्या पातळीपेक्षा १० टक्क्यांहून वर गेला तर बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) त्या भेटीत वाढवायचा नाही, आधी पाणी काढायचं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिशन १५.२ टक्के, नेहमीच्या गटात २३.३.

माझ्या मते कमीत कमी हे तीन नमुने असावेत: ॲडमिशनला, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, आणि सुस्थितीत दोन-तीन महिन्यांनी. ॲडमिशन ते डिस्चार्ज निदान ३० टक्के उतार हवा. तो नसेल तर पेशंट 'ओला'च घरी जातोय असं समजून गोळ्या, मीठ आणि पहिली भेट यांचं नियोजन घट्ट करावं. तिन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर. बीएनपीच्या बाबतीत तर कंपन्यांची किट एकमेकांशी जुळत नाहीत.

---

पॅथ_कट्टा

तीन नमुन्यांचं पटलं. डिस्चार्जचा तर नक्कीच, तोच बहुतेक फाइल्समध्ये नसतो.

---

निशिगंध

बीएनपी सोडियम बाहेर टाकतो, आणि हार्ट फेल्युअरमध्ये तो हजारांत असतो. मग अंगात पाणी का साठतं?

---

स्पंदन

@निशिगंध, याची दोन कारणं. एक, आजार वाढला की १०८ दुव्यांच्या साखळीचे तुकडे नीट होत नाहीत. न कापलेला प्रोबीएनपी रक्तात येतो. नेहमीची बीएनपी किट त्यालाही बीएनपी म्हणूनच मोजतात, पण त्याचं काम बीएनपीच्या मानाने अगदी क्षीण असतं. म्हणजे आकड्यात दिसणारं सगळं कामाचं नसतं. दोन, रेनिन-अल्डोस्टेरॉन आणि सिंपथेटिक (ताणाच्या वेळी चेतणारी मज्जासंस्था) यंत्रणा उलट्या दिशेने जोर लावत असतात आणि मूत्रपिंड बीएनपीला दाद देईनासं होतं.

बाहेरून बीएनपी देऊनही बघितला गेला. नेसिरिटाइड या नावाने अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली. २०११ च्या असेंड-एचएफमध्ये ७,१४१ पेशंटांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिशन कमी झाले नाहीत, रक्तदाब मात्र खाली गेला.

---

औषधवेल

तपासणी पॅकेजमध्ये, काहीही त्रास नसलेल्यांना ही टेस्ट घालतात. त्याबद्दल?

---

पॅथ_कट्टा

सरसकट नको. पण मधुमेह, जुना रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर्षातून एकदा करायला आधार आहे. आयर्लंडमधल्या स्टॉप-एचएफ (२०१३) मध्ये धोका असलेल्या १,३७४ जणांत बीएनपी ५० च्या वर गेलेल्यांचा इको केला, रक्तदाब-औषधं नीट लावली, आणि पुढे हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण घटलं. आपल्याकडे याची गरज अधिक वाटते. केरळच्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत पेशंटचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं, पाश्चात्त्य नोंदींपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी.

लॅबवाल्यांना एक विनंती. फॉर्मवर या पाच गोष्टी मागून घ्या आणि रिपोर्टवर छापा: वय, वजन-उंची, क्रिएटिनिन, ठोके नियमित की अनियमित, सॅक्युबिट्रिल चालू आहे का. जागा दोन ओळींची लागते. आणि नमुना घेतल्याची वेळ हाताने लिहा, ट्यूब मशीनवर लागल्याची नव्हे.

---

निशिगंध

सहावी जोडा: मागचा आकडा आणि त्याची तारीख. ते कोरडे असतानाचा असेल तर तसं लिहून.